उजवा तानपुरा

ही गोष्ट खोटी आहे असं कुणी मला पटवून दिलं, तर मी त्याच्या पाया पडेन.

पण हे घडलंय. वाशीमला, आमच्या संगीत सभेच्या हॉलमध्ये, मागच्या माघातल्या एका रविवारी, संध्याकाळी. दिवे लागलेले होते. हॉल भरलेला होता.

मी एजाज. हबीब उस्ताद माझे सख्खे मामू. रेडिओवर गायले, मोठाल्या मैफिली केल्या, कॉलेजात पोरांना गाणं शिकवलं आणि उतारवयात गावात ही सभा उभी केली. त्याआधी शास्त्रीय गाणं ऐकायचं तर आमच्याकडच्या माणसाला अकोल्याची बस धरावी लागायची.

मामू गायला बसले की मागे दोन तानपुरे.

डावीकडे मी. उजवीकडे हेमला.

हेमला मेडशीजवळच्या तांड्यावरचा. दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा, पण मामूंचा कार्यक्रम असला की कुठूनही एसटीने हजर. मामूंचं वय झालं, वरचा सा लागेना. अशा वेळी मागे बसलेल्या शागिर्दाने सूर उचलायचा असतो, असा की लोकांना वाटावं, उस्तादच गातायत. तो सूर हेमला उचलायचा. कितीतरी वर्षं त्यानेच उचलला.

माझा आवाज तिथपर्यंत पोचत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आमच्यात आणखी एक रीत आहे. मैफल संपली तरी शागिर्दाने आपणहून उठायचं नाही. उस्ताद मागे वळून "ऊठ बेटा" म्हणतात, मगच तानपुरा खाली ठेवायचा. हेमला ही रीत इतकी पाळायचा की आम्ही त्याची टिंगल करायचो. एकदा मामू विसरून चहाला गेले, तर हा आपला तसाच बसलेला!

"पुढच्या साली तुले पुढं बसवतो," असं मामू त्याला दरवर्षी म्हणायचे.

त्या हिवाळ्यात उसाचा ट्रॅक्टर उलटला. हेमला त्याखाली गेला.

मामूंनी कार्यक्रम पुढे ढकलला नाही. हेमलाच्या जागी उमेराला बसवलं, आमच्याकडे शिकणारी मुलगी. ती स्टेजवर गेली, तानपुरा घेतला...

आणि लगेच उठली.

"काहून उठली?" मी विचारलं.

"भाई, गादी गरम हाय... इथं कोणी बसून राह्यलं."

मी तिच्यावर डाफरलो. पण ती काही बसली नाही. शेवटी उजवा तानपुरा तसाच आडवा ठेवून दिला आणि गाणं सुरू झालं.

मामूंनी पूरिया धरला. या रागात गवई वरचा सा फार उशिरापर्यंत राखून ठेवतो. सगळा हॉल त्याची वाट बघत असतो. मीही बघत होतो, पण भीतीने. तो सूर आता मला उचलायचा होता.

मामू नीवर आले. थांबले. वर गेले...

आवाज फाटला.

मी तोंड उघडलं. काहीच निघालं नाही.

आणि माझ्या उजवीकडून...

सा लागला.

भरलेला, सरळ, अजिबात न हलणारा. तो आवाज मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मी मान वळवली. गादी रिकामी होती. आडव्या तानपुऱ्याच्या तारा वाजत होत्या.

मामूंच्या मानेवर घाम फुटलेला मला मागून दिसला. ते गात राहिले.

हॉल टाळ्यांनी दणाणला. माझं तोंड उघडं होतं, त्यामुळे लोकांना वाटलं, मीच गायलो. कमिटीतले सतीशभाऊ माईकवर आले. "भाच्यानं उस्तादांले सावरलं!" मामूंनीही तिथल्या तिथे सांगून टाकलं, आता सभा एजाजच्या हवाली.

मी मान झुकवली. खूश होतो मी. हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण खूश होतो.

लोक पांगले. एक बाई तेवढी स्टेजजवळ उभी राहिली. रामीबाई, हेमलाची बायको.

"साहेब," ती मामूंना म्हणाली, "तो आलता न? आयकला मी त्याले."

मामू शाल आवरत होते. "ते तर एजाज गायला."

तिने माझ्याकडे बघितलं.

"हो भाबी," मी म्हणालो. "मीच गायलो."

ती भांडली नाही. रिकाम्या गादीकडे बघत राहिली.

"एकडाव तेवढं म्हणा न, साहेब. ऊठ बेटा म्हणा. तुमी म्हटल्याबिगर तो उठत नाही. घरी कसा येईन तो?"

मामू जिना उतरून गेले. त्यानंतर ते गायलेले नाहीत.

उजवा तानपुरा मी पेटीत घालून कुलूप लावलं.

मग कमिटीने माझा कार्यक्रम ठेवला. त्या एका सुरावरच मिळालेला तो. आदल्या दुपारी रामीबाई पुन्हा आली.

"आता उस्ताद तुमीच. तुमी म्हणा."

दोन शब्द. ते म्हणायला मला काय लागत होतं? पण ते म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी वरचा सा कुणी लावला असता?

"कार्यक्रम होऊन जाऊ द्या, भाबी," मी म्हणालो. "मग नक्की म्हणतो."

तेवढ्यात बंद पेटीतून तारा वाजल्या... सुरात लावलेल्या.

तिनेही ऐकलं. रडली नाही.

"बसला पुन्हा," एवढंच म्हणाली.

कार्यक्रम झाला. पेटीला कुलूप तसंच होतं. माझा आवाज फाटला आणि मागून सूर उचलला गेला, अगदी पहिल्यासारखाच. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मागे वळलो. तोंडाशी शब्द आले होते...

रामीबाई पहिल्या रांगेत, दोन्ही हात जोडून, माझ्या ओठांकडे बघत होती.

मी पुन्हा लोकांकडे वळलो आणि नमस्कार केला.

काल अकोल्याहून फोन आला. पुढच्या महिन्यात मोठी मैफल आहे, याल का म्हणून.

मी हो म्हणालो.