भर दुपारी डिशपाशी

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. लिहिलं की पराग काही फार भला दिसत नाही. पण झालं ते झालं, घ्या!

दसऱ्याच्या सुट्टीतली ती तिसरी दुपार, आणि उज्जैनच्या माधव नगरातल्या मराठी मंडळाच्या गच्चीवरून परत तोच जळका वास! पराग आणि देवश्री धावत वर गेले. गच्चीवर चिटपाखरूही नव्हतं. मधोमध ती मोठी डिश तेवढी आभाळाकडे तोंड वासून उभी होती. तिच्या दांड्यांना गुंडाळलेलं झेंडूचं तोरण धुमसत होतं. कुणीतरी आत्ताच पेटवून पळालंय जसं!

"फिर से?" मंडळाचे सेक्रेटरी विलासकाका जिन्यातूनच गरजले. "राजस! कहाँ है वो नालायक?"

राजस हा या दोघांचा जिगरी दोस्त. रस्त्याच्या खोदकामात केबल सारखी तुटायची, म्हणून मंडळानं थेट उपग्रहावरून येणारं इंटरनेट घेतलेलं. खंडेनवमीला अवजारांबरोबर डिशचीही पूजा झाली. काकांनी तर हौसेनं तिच्या पांढऱ्या रंगावर चंदेरी पन्नी चिकटवून घेतली. "आपलं शस्त्र आहे, चमकायला नको?" तेव्हा उदबत्तीसाठी माचिस आणली राजसनं, आणि तिथेच फसला! त्यानंतरची प्रत्येक आग त्याच्याच नावावर. त्याच्या बाबांनी तर सांगूनच टाकलं होतं, "अजून एक तक्रार आली, की सीधा इंदूरच्या होस्टेलला!"

राजस जिन्यात बसला होता. "अरे यार, मी नाही लावली! परागा, तुला तरी पटतंय ना?"

पराग चपलांकडे बघत राहिला. राजस उठला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कोजागिरीसाठी गच्चीवर कनात लागत होती. कापड थेट डिशला टेकलेलं, खाली जनरेटरच्या डिझेलचा डबा.

"नेटसुद्धा रोज त्याच वेळी जातं, लक्षात आलंय तुझ्या?" देवश्रीनं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, मेसेज भेजा था ना! इन दिनों दोपहर में सूरज ठीक सॅटेलाइट के पीछे आता है. डिश सीधे सूरज को देखती है, सिग्नल दब जाता है. थोड़ी देर में आ जाएगा."

परागनं वळून बघितलं. डिशसमोर दांड्यांवर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबड्याची सावली हळूहळू थाळीच्या मध्याकडे सरकत होती. भोवती पन्नी लखलखत होती.

"देवश्री! भिंगानं कागद जाळतो ना आपण? तसंच होतंय हे! पन्नी सगळं ऊन एका जागी गोळा करतेय!"

"बाप रे! मग काकांना बोलावते. राजसलाही!"

परागनं डिझेलचा डबा ओढत जिन्यात नेला आणि सतरंजी टाकीच्या नळाखाली भिजवली.

काका फणफणत वर आले. देवश्री साळसूदपणे म्हणाली, "काका, आज चोर पकडायचाय ना? मग राजसचा हात घट्ट धरून उभे राहा. सोडायचा नाही हं!"

काकांनी मनगट आवळलं. "बोल, माचिस कुठाय?"

राजसनं परागकडे बघितलंही नाही.

सावली मध्यावर पोचली. तेवढ्यात वारा सुटला, कनातीचं टोक फडफडत डिशसमोर गेलं, धूर निघाला आणि... भक्क!

"आग! आग!" काका ओरडले.

परागनं ओली सतरंजी डिशवर भिरकावली. देवश्रीनं बादलीभर पाणी कनातीवर ओतलं. धूर चरचरला आणि विझला. पुन्हा काही पेटलं नाही.

काकांनी खाली बघितलं. राजसचं मनगट अजून त्यांच्या मुठीत. "पण हा तर... माझ्याच हातात होता!"

"तेच तर!" देवश्री म्हणाली आणि पन्नीची भानगड तिनं फडाफड सांगितली.

काकांनी स्वतः ओरबाडून पन्नी काढली आणि राजसच्या बाबांना फोन लावला. "मधुकरराव, होस्टेल कॅन्सल करा. चूक माझी होती. मेसेज आला होता, मीच वाचला नाही." मग पोरांकडे वळून म्हणाले, "शाबास रे! तुम्ही नसतात तर आज मंडळाची राख झाली असती. राजस बेटा, मला माफ कर."

काका खाली गेले. राजस मनगट चोळत कठड्याशी उभा राहिला.

"काल तुला पटत नव्हतं ना?"

"नव्हतं," पराग म्हणाला.

राजस जिन्याकडे वळला.

"पण ऐक. यापुढे अख्ख्या उज्जैननं तुझ्याकडे बोट दाखवलं ना, तरी मी आधी तुझ्या शेजारी येऊन उभा राहीन. शोधबिध नंतर. वचन देतो."