वडनेऱ्यांच्या बंबाचा आकडा

वडनेऱ्यांच्या बंबाच्या पाटीवर तांबडा संकेत लुकलुकत होता : एकसष्ट. आठ वर्षं बंब दुरुस्त करून हात काळे केलेल्या सुलभा खैरनारनं हा संकेत आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता.

बंब म्हणजे आजोबांच्या न्हाणीतला तांब्याचा बंब नव्हे. जगाच्या दुसऱ्या टोकाला डोंगर फुटला, त्याची राख आभाळात जाऊन बसली आणि नाशकात भर दुपारी पारा शून्याखाली उतरायला लागला. तेव्हापासून घरोघरी भिंतीवर गॅसचा बॉयलर आला. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं होतं हातभर लांब. नाशिककरांनी ते बाराच्या भावात काढलं आणि सरळ बंब म्हणायला सुरुवात केली. थंडीपायी घरं लोणच्याच्या बरणीसारखी घट्ट बंद झाली, आणि पहिल्याच हिवाळ्यात तीस-पस्तीस कुटुंबं त्या बरण्यांत गुदमरून मेली. म्हणून कायदा आला. घरात माणसं किती, हे बंबानं मोजायचं आणि तेवढी हवा आत सोडायची. दार न उघडता आकडा घटला, तर कुणीतरी मेलं असं समजून भोंगा वाजवायचा आणि पोलिसांना कळवायचं.

सुलभानं कानातल्या फोनवरून निदान-केंद्रातल्या पेंढारकर मॅडमना गाठलं. माणसं मोजणारा ज्योतगणक त्यांच्याच डोक्यातून निघालेला.

“एकसष्ट? अगं, म्हणजे त्या घरातलं एक डोकं नऊ दिवस झोपलेलं नाही.”

“बंबाला काय कळतंय मॅडम, कोण झोपलं नि कोण जागं ते?”

“सगळं कळतं. ज्योतीतून बारीकशी वीज वाहते. ज्योत हवा घेते ती खोलीतली. त्या हवेत आपला उच्छ्वास वाढला की वीज घटते. त्यावरून डोकी मोजायची. माणूस झोपला की उच्छ्वास कमी, जिना चढला की जास्त, म्हणून प्रत्येकाची रेघ वर-खाली होते. या घरात दोन माणसं. एकाची रेघ बरोबर आहे. दुसरी नऊ दिवस पट्टीनं ओढल्यासारखी सरळ.”

“मग?”

“मग काय, संवेदकावर काजळी असेल. पुसून घे.”

सुलभानं फोन बंद केला, काजळी पुसली, बंब पुन्हा चालू केला. एकसष्ट हटायला तयार नाही. त्याखालचा डोक्यांचा आकडा तीन होता. घरातली दोन नि आपण एक, बरोबर.

घरमालक शामकांत वडनेरे स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. साठीचा, पण पैलवानासारखा दांडगा.

“काकू कुठायत?” सुलभानं विचारलं.

“वर. ताप आलाय. झोपलीय.”

“बघा, काकू झोपल्यात आणि बंब म्हणतोय कुणी झोपलंच नाही!” सुलभा हसली. वडनेरे हसला नाही.

बंबातून वरच्या खोलीकडं जाणारा पाइप तिनं चाचपला. पाइप बर्फासारखा गार, व्हॉल्व्ह पूर्ण बंद. बाहेर उणे सहा, आणि तापलेल्या बाईच्या खोलीला ऊब नाही? तिनं मान वळवली. कोपऱ्यातल्या देवघराच्या काचेआड समई तेवत होती. काचेलगतच्या लाकडाला वाऱ्यासाठी भोकं पाडली होती. ताजी भोकं.

गेल्या साली इथंच चहा पिताना सुलभा या नवरा-बायकोला म्हणाली होती, “देवापुढं समई ठेवायची तर आधी कळवा हं. बंबाला वात आणि माणूस यातला फरक कळत नाही.” चहा देणाऱ्या वनमालाकाकूंच्या मनगटावर तेव्हा चार निळी बोटं उमटलेली होती. कपाटावर आपटलं, काकू म्हणाल्या. आणि सुलभाबाईंनी चहा संपवून कागदावर ‘सर्व ठीक’ लिहिलं.

आता ती मनात मोजायला लागली. वडनेरे एक. मी दोन. समई तीन. मग काकू?

“कळलं वाटतं,” वडनेरे म्हणाला.

त्यानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड बंबावर हाणलं. दात तुटला. कानातला फोन उडून कपाटाखाली गेला. दुसऱ्या दणक्याला तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तो तिला फरफटत बाहेरच्या दाराकडं नेऊ लागला, आणि का ते तिला ताबडतोब उमगलं. दार उघडलं की आकडा घटायला मोकळा. दुरुस्तीवाली आली, दुरुस्तीवाली गेली. पुढं ती बर्फात कुठंतरी सापडेल.

तिनं त्याच्या अंगठ्याचा हाड लागेपर्यंत चावा घेतला. तो गुरासारखा ओरडला. ती रांगत मागं वळली, त्यानं बरगडीत लाथ घातली, बरगडी कडकन मोडली. तरी ती देवघरापाशी पोचली आणि तिनं काच उघडली. समई फुंकरीनं विझवू नये. लहानपणी तसं केलं म्हणून आईनं मुस्कटात मारली होती.

सुलभानं फुंकर मारली.

पण घरातली हवा काही लगेच बदलत नाही. वडनेरे तिच्या उरावर बसला आणि त्यानं गळा आवळला. तिची नजर बंबाकडं. तीन. टाचा फरशीवर घासत होत्या. तीन. डोळ्यांपुढं अंधार येऊ लागला.

दोन.

भोंगा असा कोकलला की वडनेरे दचकून वळला. सुलभाच्या हाताला फरशीवर पडलेला तिचा पाना लागला. तिनं तो उरलासुरला जीव एकवटून त्याच्या कानशिलावर हाणला, मग गुडघ्यावर हाणला. तो देवघराच्या काचेवर कोसळला. काच फुटली आणि तिचा तुकडा मानेत शिरला.

केंद्रातून भोंगा बंद केला गेला आणि बंबातूनच पेंढारकर मॅडमचा आवाज आला. “सुलभा! कोण गेलं?”

“काकू. नऊ दिवस झाले. समई लावून ठेवली होती मेल्यानं.”

“अरे देवा! आणि तो?”

“मानेतून रक्त वाहतंय.”

“दाब! दोन्ही हातांनी दाब. ॲम्ब्युलन्स निघालीय, बारा मिनिटं लागतील. हात काढलास तर तो दोन मिनिटंही टिकायचा नाही.”

सुलभानं दाबलं. बोटांखाली कढत रक्त उसळत होतं. वडनेऱ्यानं डोळे उघडले.

“समईचं तूच तर सांगितलंस,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “उशीखाली फार वेळ घेतला तिनं. माझे हात भरून आले.”

तो हसला की कण्हला, कोण जाणे. सुलभाला त्याचा असा संताप आला की तुटलेल्या दाताची कळही थांबली. समई काचांत आडवी पडली होती, तळाशी थोडं तेल होतं. माणूस गेलं की त्याच्या जागी दिवा लावतात. काकूंसाठी तो कुणी लावलाच नव्हता. लावला होता तो खून झाकायला.

शेजारी काडेपेटी होती. काडी ओढायला दोन हात लागतात.

तिनं दोन्ही हात उचलले.

थोड्या वेळानं मॅडम म्हणाल्या, “आकडा तीन झाला गं?”

“दिवा लावला, मॅडम. काकूंसाठी.”

बंबाची ज्योत सुंसुं करत जळत होती. वडनेऱ्याच्या टाचा थोडा वेळ फरशीवर घासल्या, मग थांबल्या.

“आता दोन दाखवतंय,” मॅडम म्हणाल्या.

“दिवा गेला,” सुलभा म्हणाली. समई तिच्यासमोर संथपणे तेवत होती.

“सुलभा, मला इथं रेघा दिसतात. तुझी वर-खाली होतेय. दुसरी सरळ आहे. पट्टीनं ओढल्यासारखी.”

सुलभानं रक्तानं माखलेले हात मांडीवर ठेवले. दूरवर ॲम्ब्युलन्सचा आवाज ऐकू येऊ लागला.

“काजळी असेल संवेदकावर,” पेंढारकर मॅडम सावकाश म्हणाल्या. “दार उघडलंस की पुसून घे.”