मदर व्हर्डेलच्या घराला कुलूप

"सोमवारी कोर्ट माझ्या घराला कुलूप ठोकणार," चर्चमधल्या ज्येष्ठ, मदर व्हर्डेल टेट, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. "सार्वजनिक उपद्रव म्हणे! वर मला कैद."

मेम्फिसची खासगी गुप्तहेर ऑर्लीन गँट हिनं आपल्या कचेरीत त्यांच्या हातून पोलिसांनी काढलेला फोटो घेतला. मदरच्या घराच्या मागच्या ओसरीवर व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्यांचं खोकं. वर पांढरं कापड. दोन्ही कडा आत घेऊन बरोबर मध्यावर भिडवलेल्या.

"माझं घर म्हणजे दारूचा अड्डा! अगं, रविवारी तिथं देवाची स्तोत्रं गातात. चर्चनं गाणं बंद केलं, म्हणून लोक माझ्याकडे येतात."

"मग थोडे दिवस गप्प राहा," ऑर्लीनचा मदतनीस, तिचा दीर लूथर म्हणाला.

"तू राहा गप्प. मी देवाला शब्द दिलाय."

मदरचा शेजारी रॉइस पिंकनी ऑर्लीनला पाहून फाटकातच भडकला. "आवाजाची तक्रार माझीच! त्यांनी हालेलुया म्हटलं की माझा कुत्रा सूर धरतो. पण बाटल्या? छे! ती तुरुंगात गेली तर मला पीच घालून भाजलेला गोड कॉबलर कोण धाडणार?"

"वहिनी, बाटल्या ठेवणारा हाच," लूथर कुजबुजला.

ऑर्लीन चर्चमध्ये पोचली तेव्हा तिथले कारभारी, डीकन एझ्रा क्रम, प्रभुभोजनाचं मेज मांडत होते. भाकर, प्याले ठेवून त्यांनी पांढरं कापड पसरलं, कडा आत घेतल्या, मध्यावर भिडवल्या. "तीस वर्षं हे माझंच काम. भगिनी व्हर्डेलचं वाईट वाटतं, पण अड्डा तो अड्डा. सोमवारी साक्ष देणार मी."

सोमवारी कोर्टात क्रमांची साक्ष संपताच न्यायाधीशबाईंच्या परवानगीनं ऑर्लीननं ते खोकं आणि कापड क्रमांपुढे ठेवलं. "डीकन, हे जरा झाका."

हात आपोआप चालले. कडा आत आल्या, मध्यावर भिडल्या.

ऑर्लीननं फोटो शेजारी धरला. क्रमांचे हात थबकले.

"कापड कुणीही टाकेल, वहिनी!" लूथर गोंधळला.

"टाकेल. पण दारूच्या बाटल्यांवर अशी निगुतीनं घडी कोण घालेल? तीस वर्षं पवित्र प्याले झाकणारे हात. पाप करतानाही ते सवय विसरले नाहीत."

क्रम उसळले. "रविवारी माझी बाकं ओस, आणि हिच्या घरात उभं राहायला जागा नाही!"

न्यायाधीशबाईंनी खटला काढून टाकला. "पण मदर, यापुढे आवाज बेतानं."

मदर व्हर्डेल उठल्या. "रविवारी अकराला माझी दारं सताड उघडी असतील, बाईसाहेब. एझ्रा, तुझी खुर्ची पहिल्या रांगेत. गायचं नसेल तर नुसता बस. गाणं मात्र थांबायचं नाही."