एकीएकीचा कौल

पहाट भोरकड्यावर उतरली ती दबक्या पावलांनी. खोऱ्यात गनिमाच्या राहुट्यांतून धूर वळत होता, आणि वर, अख्खा पावसाळा वेढा सोसलेल्या गडाची चोरदिंडी आतून उघडी सापडली होती. त्या घडीपासून गडावर माणूस माणसाच्या तोंडाकडे पाहीना, कमरेकडे पाहू लागला. कारण दिंडीच्या किल्ल्या दोनच, एक भिवजी नाइकाच्या कमरेला, दुसरी सबनीस गंगाधरपंतांच्या. रात्रीचा पहारा नाइकाचा, म्हणून संशय त्याच्यावर गेला.

भैरोबासमोर पंत हात जोडून म्हणाले, "सरकार, देवाचा कौल घ्यावा. कवड्या दोन. दोन्ही उताण्या, नाईक सुटला. दोन्ही पालथ्या, गडउतार. एकीएकी पडली, म्हणजे एक उताणी, एक पालथी, तर कडेलोट. तिन्ही वाटा सारख्या."

किल्लेदार हैबतराव मान हलवणार, तोच त्यांच्या पत्नी सगुणाबाई पुढे झाल्या. त्यांनी एका कवडीला कुंकू माखलं.

"पंत, लाल उताणी, पांढरी पालथी. ही एक वाट. पांढरी उताणी, लाल पालथी. ही तीच का?"

"पडते एकीएकीच, बाईसाहेब."

"पडते, पण दोन वाटांनी येते. वाटा चार, त्यांतल्या दोन कड्याकडे. कवड्यांच्या पटावर खेळायला बसता तेव्हा बरं उमजतं तुम्हाला; पैज नेहमी एकीएकीवर. माझी नथ त्यातच गेली."

बांधलेला नाईक म्हणाला, "कौल मला मान्य आहे, सरकार. फक्त लाल कवडी मी टाकतो, पांढरी पंतांनी टाकावी. एकीएकी पडली तर कड्यावरून दोघंही."

हैबतरावांनी पंतांकडे पाहिलं. "किल्ल्या दोन, तर कौलही दोघांचा."

दोर सुटला. नाइकाने कवडी फेकली. ती घरंगळली, डुलली, उताणी पडली.

पांढरी पंतांच्या मुठीत होती. हैबतराव म्हणाले, "पंत, मूठ उघडा."

पंतांची मूठ उघडेना. पांढरी उताणी पडली तर जीव, पालथी पडली तर कडा. तिसरं काही उरलं नव्हतं. कपाळावरचं गंध घामाने ओघळलं.

"गनीम आज दिवेलागणीला येणार आहे," ते पुटपुटले. "रात्री त्यांना निरोप द्यायला दिंडी मीच उघडली होती, सरकार. जीव राखा."

दिवेलागणीला गनीम आला, त्याला दिंडीत चिणलेले धोंडे भेटले आणि वरून दगड. पंतांचा जीव राहिला. गड मात्र त्यांना कायमचा पारखा झाला.

बुरुजावर हैबतरावांनी विचारलं, "भिवजी, त्यांनी मूठ उघडली असती तर?"

"तर भैरोबा जाणे. पण सरकार, चार वाटा ज्याला आधीपासून ठाऊक, तो कसला उघडतोय?"