मांडवाबाहेर

लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणाऱ्या माणसाने नारपोलीत दुकान टाकू नये. शेजारच्या कापडाच्या लूममधून उडणारा कापसाचा भुसा लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसतो. २००८च्या मे महिन्यात त्याच भुशाने माझं ग्राफिक्स कार्ड जाळलं आणि राहनाळच्या केसरीनाथशेटांच्या मुलीची, उन्नतीची हळद, लग्न, सगळं आत अडकलं. रविवारी ती पहिल्यांदा माहेरी येणार होती आणि तेव्हा घरादाराला डीव्हीडी हवी होती. नवं कार्ड आठ दिवसांनी मिळणार होतं.

शेटांच्या घरी जाऊन अडचण सांगितली. ते म्हणाले, "ओमकारचा लॅपटॉप कपाटान पडलाय. तुझ्यासारखाच हाय. पायजे ते काढून घे."

ओमकार म्हणजे त्यांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी बायपासला अपघातात गेला. मी निघालो तेव्हा त्याची आई, कमळाकाकी, दारापर्यंत आली.

"कानपिळी मितेशनी केली. तेवढी काढून टाक. मना बघवाची न्हाय."

नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. भाऊ नाही म्हणून चुलतभाऊ मितेश उभा राहिला होता.

दोन्ही लॅपटॉप एकाच मॉडेलचे, तरी ओमकारचं कार्ड माझ्या लॅपटॉपमध्ये बसवताना माझा अर्धा दिवस गेला. एक स्क्रू हरवला तो हरवलाच. शेवटी लॅपटॉप सुरू झाला, पण चित्राच्या डाव्या कडेला, मांडवाच्या बाहेर, पिवळसर डाग!

कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं. ड्रायव्हर तीनदा टाकला. दर खेपेला डाग थोडा उंच होई. डोकं फिरायची वेळ आली. शनिवारी दुपारी डागाला चौकडीचा शर्ट आला. हळद असो की लग्न, जिथे मांडव दिसे तिथे तो बाहेरच्या खांबाला टेकून उभा. शूटिंगची मूळ कॅसेट कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर लावली. खांबापाशी कोणी नव्हतं. वीज गेली की कार्डाच्या मेमरीत काही उरत नाही, हे मी स्वतःलाच ओरडून सांगितलं.

त्यात डीजेच्या दणदणाटात धवलारणीचं गाणं ऐकूच येत नव्हतं, म्हणून ते पुन्हा गाऊन घ्यायला धवलारीण जाईबाईंना दुकानात बोलावलं होतं. धवलारीण हळदीत गाते. देवांना मांडवात बोलावते आणि घरातल्या गेलेल्या माणसांनाही, एकेकाचं नाव घेऊन.

जाईबाईंनी पडद्याकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"शेट बोलला, ओमकारचा नाव नको घेव, कमला रडंल. मंग तो आत कसा येल?"

"बाई, कार्ड खराब आहे. तुम्ही गा हो!"

त्या गायल्या. मधेच लोडशेडिंग झालं, लूम थांबले. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. त्या शांततेत त्यांनी शेवटी एक नाव जास्त घेतलं.

तो आवाज व्हिडिओला जोडला आणि डाग गेला. सुटलो एकदाचा! कानपिळी कापली, डीव्हीडी काढली. परत तपासून बघण्याइतका धीर माझ्यात उरला नव्हता.

रविवारी सगळे टीव्हीसमोर बसले. शेट, काकी, उन्नती, जावई, मितेश. मलाही चहाला बसवून घेतलं.

कानपिळी आली.

मी कापलेली कानपिळी. काकीकडे बघायची मला लाज वाटली.

पडद्यावर मितेश होता. बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता.

नवरदेवाजवळ कोणी नव्हतं. त्याची मान वाकडी झाली. कान वळत गेला. कानावर हळदीची दोन बोटं उमटली.

जावयाने हळूच स्वतःचा कान चाचपला.

कमळाकाकी हसली.

"हलू रे," ती टीव्हीकडे बघून म्हणाली. "लागंल त्याला."