लाल गाडीचा हरवलेला आवाज

"मला चोर म्हणाले, ताई! चार गिऱ्हाइकांसमोर!"

उस्ताद मेकॅनिकच्या हातात पाण्याचा पेला तसाच होता. तोंडाला लावायचं भान त्यांना नव्हतं.

समोर बसलेल्या वहिनी पूर्वी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायच्या. आता लोकांची कोडी सोडवायच्या. त्यांचे दीर, भूगोलाचे निवृत्त मास्तर, वही घेऊन कायम बरोबर. उत्तर मास्तरांना सगळ्यांच्या शेवटी कळायचं आणि त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नसे.

"कोण म्हणालं?" वहिनींनी विचारलं.

"दातांचे डॉक्टर. त्यांची लाल स्पोर्ट्स कार सोमवारी माझ्याकडे सर्व्हिसिंगला होती. तिच्या सायलेन्सरमध्ये झडप आहे. उघडली की गाडी गर्जते, मिटली की गुमान चालते. बटण दाबायचं, हवं ते करायचं. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी बटण दाबलं, तर आवाजच नाही! म्हणतात, मी झडपेचा सायलेन्सर काढून साधा बसवला. आज संध्याकाळपर्यंत परत दिला नाही तर पोलिसात जाणार. वीस वर्षं नाव कमावलंय, ताई. ते गेलं तर माझ्याकडे गाडी कोण आणेल?"

"सोमवारी गाडी दिलीत तेव्हा आवाज होता?"

"होता. दुकानात बटण दाबून पाहिलं, पण ऐकायला मी एकटाच. रात्री गाडी गुमान त्यांच्या दारात लावली."

तासाभरात तिघं डॉक्टरांच्या दारात होते. डॉक्टरांनी उस्तादांकडे पाहायचंही टाळलं.

"सोमवारी दिवसभर गाडी ह्यांच्याकडे होती. दुसरा कोण हात लावणार?"

वहिनींनी सतरंजी मागितली आणि खुशाल गाडीखाली शिरल्या. सायलेन्सरच्या नटांवर गंज आणि वाळका चिखल बसला होता. त्यांनी तो नखाने खरवडून पाहिला.

"भावजी, ह्या नळकांड्यात बॅटरी मारा. काय दिसतं?"

मास्तर कण्हत वाकले. "आत एक गोल पत्रा आहे. कडेवर उभा. दोन्ही बाजूंनी पलीकडचं दिसतंय."

"लिहून ठेवा. डॉक्टर, गाडी चालू करा."

एकच डरकाळी आली. मास्तर टुणकन मागे सरकले. पण लगेच आवाज बसला आणि गाडी शिलाई मशीनसारखी घरघरत राहिली. डॉक्टरांनी बटण दोनदा दाबलं. फरक शून्य.

"पत्रा आडवा झालाय हो! तोंड बंद!" मास्तर ओरडले.

वहिनींनी डिकी उघडून कोपऱ्यातलं अस्तर उचललं. दोन काळ्या रबरी नळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. मधला जोड चकचकीत स्टीलचा, करंगळीएवढा. शेजारी तारेची एक छोटी डबी नळीविना लोंबत होती. मास्तरांनी तेही लिहिलं.

डॉक्टरांची बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

"आवाज गेला तर बरंच झालं असं मी म्हटलं, तर ह्यांनी तोंड फिरवलं," ती हसून म्हणाली. "सकाळी लेकीला शाळेत सोडतात ना, तेव्हा सगळी गल्ली जागी व्हायची."

"घरात कोणाला त्रास?"

"सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, ऐकूच येत नव्हतं. ह्यांनी महिन्यापूर्वी कानाचं मशीन आणलं. पण सकाळी ते मशीन खिशात घालूनच फाटकाशी उभे राहायचे. आता दोन दिवस झाले, कानात असतं."

आजोबांची खोली नीटनेटकी होती. टेबलावर वर्तमानपत्र उडू नये म्हणून करंगळीएवढ्या स्टीलच्या जोडांनी भरलेला डबा ठेवला होता.

"हे काय, आजोबा?" मास्तरांनी विचारलं.

"जुन्या कामाचं सामान. जन्मभर गोठ्यातली यंत्रं दुरुस्त केली. सडांना नळी लावली की दूध ओढून घेणारी. गाडीतलं मात्र मला ओ की ठो कळत नाही."

वहिनींनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं.

"सायलेन्सर मूळचाच आहे. नटांना पाना लागलेलाच नाही, आणि आतली झडप भावजींनी स्वतः पाहिली."

"मग ती बिघडवली ह्यांनी!" डॉक्टर म्हणाले.

"बिघडलेली झडप हलत नाही. ही हलते. इंजिन बंद असताना स्प्रिंग तिला उघडी ठेवते. इंजिन चालू झालं की नळीतली हवा ओढली जाते आणि त्या ओढीने झडप मिटते. म्हणून एक डरकाळी, मग शांतता. तुमचं बटण त्या डबीमार्फत ही ओढ तोडतं. कोणीतरी डबी वगळून नळ्या थेट जोडल्या. आता झडप मिटलेलीच राहणार."

"नळी कापली असती तरी आवाज गेलाच असता ना?" मास्तरांनी विचारलं.

"उलट, भावजी! ओढ गेली की झडप उघडी. गाडी दिवसभर गर्जली असती. हे काम ओढीचा स्वभाव जाणणाऱ्याचं आहे. उस्तादही जाणतात, पण त्यांनी गाडीचा जोड वापरला असता, दूध काढायच्या यंत्राचा नाही."

आजोबांनी कानातलं मशीन चाचपलं.

"मीच केलं," ते म्हणाले. "मशीन घातलं की गाडी डोक्यात घण घालायची. काढलं की पोरीचं 'आजोबा, येते' ऐकू यायचं नाही. आठ वर्षांची झाली, अजून एकदाही ऐकलं नव्हतं."

"मला सांगायचं होतंत, बाबा!"

"गाडीत बसताना तुझा खुललेला चेहरा बघतो ना मी रोज. सांगवेना." ते उस्तादांकडे वळले. "पण तुमच्यावर बालंट आलंय हे मला कोणी सांगितलं नाही हो. माफ करा."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना एकाच वेळी हसू येत होतं आणि भरूनही.

डॉक्टरांनी गाडीची किल्ली उस्तादांपुढे धरली. "डबी परत जोडा, उस्ताद. बटण मी गल्ली ओलांडल्यावरच दाबेन," ते म्हणाले. "आणि चोर म्हटलं चौघांसमोर, तर माफीही चौघांसमोर मागतो. बोलवा त्यांना."

उस्ताद किल्ली घेऊन हसले.

"चौघांना कुठे शोधू, डॉक्टर? मी आत्ता जोडून देतो. तुम्ही उद्या भर बाजारातून झडप उघडी ठेवून माझ्या दुकानावर या. गाडी कोणाकडे आली, ते सगळ्यांना कळेल."