मागे वळायचं नाही

"मेल्या, आत्ताच निखळायचं होतं तुला?"

हे मी माझ्या बॅगेच्या चाकाला म्हणत होते. परका देश, भाड्याच्या खोल्यांची ती उंच इमारत, अंगावर ओला कोट आणि जिन्याच्या मधोमध मी. रडू येत होतं म्हणून चिडले होते. माझं हे असंच आहे, रडायला आलं की आधी राग येतो.

"मला हाक मारलीत?" वरून आवाज आला. चक्क आपल्या भाषेत!

वर पाहिलं तर विस्कटलेल्या केसांचा एक उंच मुलगा. हातात टूथब्रश.

"मेल्या म्हणालात ना, म्हणून विचारलं. घरी आई मला असंच म्हणते."

"चाकाला म्हणत होते मी."

"हं... मग त्या मेल्याला उचलू का?"

त्याने बॅग उचलली, चाक खिशात टाकलं आणि जिना चढता चढता विचारलं, "तुम्हीही उद्याच्या निवडीला? दिग्दर्शनाच्या?"

"तुम्हीही?" मी बॅगेचा पट्टा धरून ओढला. "म्हणजे आपण एकमेकांचे शत्रू."

"मजला तरी येऊ द्या, मग सुरू करू."

मी हसले नाही. खोलीचं दार लावलं आणि मग हसले.

आम्ही निवडीला आलो होतो त्या नाट्यशाळेची रीत जगावेगळी होती. परीक्षेला नट द्यायचेच नाहीत. दिग्दर्शक व्हायला आलेल्यांनीच एकमेकांच्या प्रवेशात काम करायचं. जोड्या परीक्षकच लावायचे, आणि भाषा एक म्हणून असेल, पण माझ्या वाट्याला हाच आला. त्याच्या एका पायातल्या बुटाला नाडी नव्हती. विचारलं तर म्हणाला, "तुमचं चाक बांधलंय तिने. काल बॅग खोलीबाहेरच विसरलात ना, तेव्हा. बघितलं नाहीत?"

आता अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? पण ओरडले. दिवसभर ओरडले.

माझा प्रवेश साधा होता. एक माणूस घर सोडून जातो. बॅग उचलतो, दारापर्यंत चालतो, जातो. शब्द एकही नाही. मागे राहणारी माणसं म्हणजे समोर बसलेले प्रेक्षक, त्यांना दिसायची ती फक्त त्याची पाठ. आणि हा बाबा दारात पोचला की दर वेळी मागे वळून बघायचा!

"थांब. पुन्हा एकदा." अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं.

"अगं मास्तरीणबाई, माणूस वळतोच की."

"वळायचं नाही. तू वळलास की बघणाऱ्याला वाटतं, येईल हा परत. त्याची सुटका होते. मला नाही करायची त्याची सुटका."

"दुष्ट आहेस."

"आहेच. पुन्हा एकदा."

"पण ज्याचा जीव मागे अडकलाय, तो नाही बघणार?"

"ज्याचा जीव अडकलाय त्याला पक्कं ठाऊक असतं, आपण वळलो तर पाय निघायचा नाही. ज्याला काहीच वाटत नाही ना, तो खुशाल वळतो, हात हलवतो."

केवढ्या ऐटीत सांगितलं मी! प्रेमातलं मला काय कळत होतं, कप्पाळ! मग त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहात टेकवला. "इथून चाल. पायांनी नको, इथून." तो श्वास रोखून उभा राहिला. मला हात काढून घ्यायचा होता... काढला, पण जरा उशिराच.

त्या वेळी तो वळला नाही. बुटाचा तळ फटक-फटक वाजवत सरळ निघून गेला, आणि रिकाम्या दाराकडे बघत मी बावळटासारखी उभी.

त्याच्या प्रवेशात मला नुसतं बसायचं होतं. फोनची वाट बघणारी बाई. "बस, बसवेल तितका वेळ," एवढंच सांगितलं त्याने. मला कुठलं बसवतंय! तालमीत उठले, परीक्षकांसमोरही उठले, खिडकीपाशी गेले. फोन वाजला तेव्हा माझी प्रेक्षकांकडे पाठ होती आणि सगळा प्रवेश पडला.

पांढऱ्या केसांच्या मुख्य परीक्षक बाईंनी त्याला विचारलं, "ती तालमीतही उठली होती?"

"हो."

"मग थांबवलं का नाही?"

"तिला उठावंसं वाटत होतं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मला तिथेच कळलं.

संध्याकाळी त्यांनी निवडलेल्यांची नावं वाचून दाखवली. माझं होतं. त्याचं नव्हतं. आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील? त्याने.

बाहेर पुलावर मी त्याला गाठलं. बोचरं वारं सुटलं होतं. "मला सांगायचं होतंस ना, गप बस म्हणून! मी दिवसभर तुझ्यावर खेकसले, तुला एकदा नाही खेकसता आलं?"

"नाही जमत गं मला. कुणाला थांब म्हणायला जीभच उचलत नाही."

"पुढच्या वर्षी ये मग."

"वयाची अट आहे. माझं हे शेवटचं." तो कठड्यावर रेलला. "दादाला शब्द देऊन आलोय, नाही झालं तर दुकानात बसेन."

"कसलं दुकान?"

"पडद्यांचं. खिडक्यांचे, दारांचे. फुलाफुलांचे."

मला हसू फुटलं. त्यालाही. दोघं पोट धरून हसलो, आणि हसता हसता मी कधी रडायला लागले ते कळलंच नाही. या वेळी आधी राग आला नाही, सरळ रडूच आलं. त्याने माझी कॉलर वर केली, वारं लागू नये म्हणून. बोटं गार होती.

"नंबर दे तुझा," मी म्हणाले.

"नको."

"का?"

"आता तुझे इथे ओरडायचे दिवस आलेत. मी दुकानात बसून रोज फोन करीन, आणि तुझी संगत वाईट... एक दिवस मलाही जमेल म्हणायला, ये म्हणून. मग तू येशील. येशील की नाही?"

मी येणार होते, यात शंकाच नव्हती. म्हणून नंबर पुन्हा मागितला नाही.

सकाळी बारीक पाऊस होता. त्याची विमानतळाची बस इमारतीसमोरच्या कोपऱ्यावर थांबायची. त्याची नाडी परत द्यायला मी माझ्या बॅगेचं चाक सोडायला लागले तर त्याने हात धरला. "राहू दे. तुला लांब जायचंय."

"तुला नाही?"

"मला घरीच जायचंय, मास्तरीणबाई."

तो निघाला. मी मनाशी ठरवलं होतं, हा वळला की सगळं सांगायचं. आवडतोस म्हणायचं, राहा म्हणायचं, नाहीतर मी येते म्हणायचं. मला तर दिवसभर तेच जमत होतं, माणसाला थांब म्हणायला. फक्त त्याने एकदा वळायला हवं होतं.

फटक... फटक... ओल्या रस्त्यावर त्याचा तो सैल बूट वाजत होता. दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे मी हात ठेवला होता, तिथून तो चालत होता. बस आली. दार उघडलं. मी श्वास रोखला.

तो वळला नाही.

तेव्हा मला कळलं, माझ्यावर त्याचा किती जीव आहे ते. मीच शिकवलं होतं ना.

"थांब," मी म्हणाले, पण बस हलली होती. "पुन्हा एकदा..."